हुकूम आधी, पैसा नंतर: अमेरिकेतल्या ‘रिप अँड रिप्लेस’ कायद्याचा लोकांवर काय परिणाम झाला

१२ मार्च २०२० रोजी अमेरिकेत ‘सिक्युअर अँड ट्रस्टेड कम्युनिकेशन्स नेटवर्क्स ॲक्ट’ या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कायदा थोडक्यात असा: ज्या कंपन्यांची (मुख्यतः ह्वावे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांची) दूरसंचार यंत्रणा देशाच्या सुरक्षेला धोकादायक ठरली आहे, ती नेटवर्कमधून काढायची, तिच्या जागी भरवशाची यंत्रणा बसवायची, आणि ज्या छोट्या कंपन्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांना सरकारने भरपाई द्यायची. या क्षेत्रातली माणसं या कामाला ‘रिप अँड रिप्लेस’ म्हणतात.

कागदावर सरळ दिसणारं हे काम पुढची कित्येक वर्षं रखडलं. त्याची झळ वॉशिंग्टनला नाही, तर मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का, अलाबामा अशा राज्यांतल्या ग्रामीण भागाला बसली. कारण हुकूम सोळा आणे निघाला होता आणि पैसा मात्र सव्वासहा आणेच. त्या अपुऱ्या पैशाने नेमकं काय बिघडवलं, ते समजण्यासाठी आधी टॉवरवर काय असतं ते पाहू.

धोका नेमका कुठे असतो

टॉवरच्या माथ्यावर अँटेना असतात आणि त्यांच्या पाठीशी रेडिओ युनिट. रेडिओ युनिट सिग्नल हवेत सोडतं आणि तुमच्या फोनचा सिग्नल पकडतं. तिथून वीज आणि फायबर एकत्र नेणारी जाड केबल खाली उतरते. पायथ्याशी लोखंडी कपाटात किंवा छोट्या खोलीत बेसबँड युनिट असतं. कोणत्या फोनला कोणत्या क्षणी किती जागा द्यायची, हे ते ठरवतं. त्याच्या शेजारी वीज पुरवणारा रेक्टिफायर, बॅटऱ्या आणि राउटर असतात. पुढचा प्रवास मायक्रोवेव्ह लहरी सोडणाऱ्या थाळीसारख्या अँटेनातून किंवा फायबरमधून होतो आणि कॉल ‘कोअर’पर्यंत पोचतो. कोअर म्हणजे नेटवर्कचा मेंदू: ग्राहक कोण, तो आत्ता कुठल्या टॉवरखाली आहे, त्याचा कॉल कुठे जोडायचा, बिल किती लावायचं, हे सगळं तिथे ठरतं. पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीने कॉल ऐकण्याची सोयही कोअरशीच जोडलेली असते.

यातल्या जवळपास प्रत्येक पेटीत सॉफ्टवेअर असतं आणि ते बनवणाऱ्या कंपनीकडून वेळोवेळी बदललं जातं. अडचण इथेच आहे. आज तपासलेल्या पेटीत काही सापडलं नाही, म्हणजे उद्याच्या अपडेटनंतरही ती तशीच राहील असं नाही. शिवाय छोट्या कंपन्यांकडे स्वतःचे तज्ज्ञ कमी, त्यामुळे देखभालीचं बरंचसं काम यंत्रणा विकणारी कंपनीच दुरून करत असते. म्हणजे किल्ल्या तिच्याकडेही असतात. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचं सातवं कलम तिथल्या संस्थांना आणि नागरिकांना सरकारी हेरखात्याला सहकार्य करायला सांगतं. ह्वावे आणि झेडटीई या दोन्ही कंपन्या हेरगिरीचे आरोप सतत नाकारत आल्या आहेत. तरी अमेरिकेचा निर्णय एखादा चोरदरवाजा सापडला म्हणून झालेला नाही. पुढच्या वीस वर्षांचं अपडेट कुणाच्या हातात असावं, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. हा मुद्दा लक्षात न घेता ‘पुरावा दाखवा’ आणि ‘पुरावा आहे’ असा वाद घातला, तर दोन्ही बाजू एकमेकींना ऐकतच नाहीत.

भूगोलामुळे ही चिंता आणखी वाढली. मोंटानातल्या ग्रेट फॉल्सजवळच्या मालमस्ट्रम हवाई तळाची आण्विक क्षेपणास्त्रं हजारो चौरस मैलांवर विखुरलेल्या भूमिगत सायलोंमध्ये आहेत. वायोमिंग, नेब्रास्का आणि कोलोरॅडोच्या सीमाभागातही तसंच आहे. हा सगळा मुलूख शेतीचा आणि कुरणांचा, वस्ती अगदी विरळ, आणि तिथे सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्यांमध्ये चिनी यंत्रणा वापरणाऱ्याही होत्या.

खेड्यातच ही यंत्रणा का

अमेरिकी संसदेच्या गुप्तवार्ता समितीने ऑक्टोबर २०१२ मध्येच ह्वावे आणि झेडटीईबद्दल इशारा देणारा अहवाल काढला होता. देशपातळीवरच्या मोठ्या मोबाईल कंपन्या या यंत्रणेपासून लांब राहिल्या. पण एखाद्या जिल्ह्यापुरत्या काम करणाऱ्या कंपनीचं गणित वेगळं असतं. तिचे ग्राहक काही हजार, टॉवर काही डझन, आणि दोन टॉवरांच्या मध्ये मैलोन्‌मैल मोकळं रान. मोठे युरोपीय उत्पादक इतक्या छोट्या ऑर्डरकडे फारसं लक्ष देत नसत. चिनी कंपन्या कमी किमतीत माल देत आणि माणूसही पाठवत. त्या वेळी ही खरेदी कायदेशीर होती. या कंपन्यांना आज बेजबाबदार ठरवणं अन्यायाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अशा कंपन्या ‘युनिव्हर्सल सर्व्हिस फंड’ या निधीवर बऱ्याच अवलंबून असतात. देशभरातल्या फोनबिलांतून जमणारा हा पैसा दुर्गम भागातली सेवा टिकवण्यासाठी दिला जातो. नोव्हेंबर २०१९ मध्ये दूरसंचार नियामक, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन किंवा एफसीसी, याने ठरवलं की धोकादायक ठरलेल्या कंपन्यांच्या मालावर या निधीतला एक डॉलरही खर्च करता येणार नाही. ३० जून २०२० रोजी ह्वावे आणि झेडटीई यांना तसं अधिकृतपणे घोषित केलं गेलं. नव्या खरेदीबरोबरच जुन्याची देखभालही यात आली. पुढे या निधीचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांना अशी यंत्रणा काढणं बंधनकारक झालं. निधी सोडला तर धंदा बसतो, निधी घेतला तर टॉवर उघडावा लागतो.

दुसरीकडे मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने ह्वावेला निर्बंधांच्या यादीत टाकलं होतं. चालू नेटवर्कच्या देखभालीपुरती दिलेली तात्पुरती सवलत ऑगस्ट २०२० मध्ये संपली. त्यानंतर जुन्या यंत्रणेसाठी सुटे भाग आणि सॉफ्टवेअर मिळवणं अवघड झालं. म्हणजे धोकादायक म्हणून ठरवलेली पेटी टॉवरवर तशीच, आणि तिची डागडुजीही अवघड. असुरक्षित यंत्रणेची यापेक्षा वाईट अवस्था नसते.

भरपाईचं गणित

डिसेंबर २०२० च्या खर्च विधेयकात या कामासाठी १.९ अब्ज डॉलर ठेवले गेले. आधी २० लाखांपर्यंत ग्राहक असलेल्या कंपन्याच पात्र होत्या, ती मर्यादा १ कोटीपर्यंत वाढवली. मात्र पैसा कमी पडला तर आधी २० लाखांच्या आतल्यांना, असा क्रम कायद्यातच घालून दिला. भरपाई फक्त ह्वावे आणि झेडटीईच्या यंत्रणेसाठी, आणि तीही ३० जून २०२० पर्यंत घेतलेल्या. मार्च २०२१ मध्ये एफसीसीने धोकादायक मालाची जी यादी काढली तिच्यात हिकव्हिजन, दाहुआ आणि हायटेरा ही नावंही होती, पण त्यांचे कॅमेरे किंवा वायरलेस संच बदलायला या योजनेतून पैसा मिळत नाही. ही गल्लत बातम्यांमध्ये वारंवार दिसते.

अर्जाची खिडकी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस उघडली आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस बंद झाली. १८१ अर्ज आले, मागणी सुमारे ५.६ अब्ज डॉलरची. एफसीसीने प्रत्येक आकडा तपासला. त्यासाठी आधीच दरांची एक तालिका तयार होती: कोणत्या प्रकारच्या रेडिओला किती, टॉवरवर चढणाऱ्या पथकाला किती, अभियांत्रिकी तपासणीला किती. छाननीनंतर १२६ अर्ज मंजूर झाले आणि वाजवी खर्च ठरला ४.९८ अब्ज डॉलर. हातात १.९ अब्ज. तूट ३.०८ अब्ज.

जुलै २०२२ मध्ये वाटप झालं. पहिल्या क्रमातल्या कंपन्यांचीच मागणी ४.६४ अब्ज होती, त्यामुळे त्यांना प्रत्येक मंजूर डॉलरमागे सुमारे ३९.५ सेंट मिळाले आणि त्यांच्यामागे रांगेत असलेल्यांना काहीच नाही.

हे एका कंपनीसाठी काय असतं ते काल्पनिक उदाहरणाने पाहू. टॉवर ८०, ग्राहक १५,०००, मंजूर खर्च ४ कोटी डॉलर. वाटपात आले १ कोटी ५८ लाख. उरलेले २ कोटी ४२ लाख स्वतः उभे करायचे. प्रत्येक ग्राहकामागे हे सुमारे १,६१३ डॉलर होतात. ग्राहकाचं बिल महिन्याला ५० डॉलर धरलं, तर ३२ महिन्यांची पूर्ण कमाई, आणि तीही पगार, वीज, जागेचं भाडं यांवर एक सेंटही खर्च न करता. बँक अशा कंपनीला कर्ज देताना विचारते की या खर्चाने नवे ग्राहक किती येतील. प्रामाणिक उत्तर ‘फारसे नाहीत’ हेच असतं. जुन्या जागी नवं बसतं, व्याप्ती तेवढीच राहते.

भरपाई म्हणजे आगाऊ रक्कम नव्हे, हेही लक्षात घ्यावं. कंपनीने पावत्या आणि बिलं सादर करायची, ती तपासली जातात, मग वाटपाच्या मर्यादेत पैसा मिळतो. काढणं, नवं घेणं, बसवणं, जुनं नष्ट करणं, दोन्ही यंत्रणा काही काळ शेजारी चालवण्याचा खर्च, परवाने, आराखडे या सगळ्याला भरपाई आहे. ३जीच्या जागी ४जी किंवा पुढे ५जी करता येईल अशी यंत्रणा घेतली तरी चालते, कारण ३जीची नवी यंत्रणा आता सहसा मिळत नाही. पण नवे टॉवर वाढवणं, किंवा मायक्रोवेव्हची जोडणी काढून तिथे फायबर टाकणं यात बसत नाही.

घड्याळाची अडचण

कायद्याने काम संपवायला एक वर्ष दिलं. हे वर्ष प्रत्येक कंपनीसाठी वेगळं सुरू होतं: पहिली भरपाई हातात पडली त्या दिवसापासून. वाटप झाल्यापासून वर्षाच्या आत निदान एक बिल सादर करणं सक्तीचं, नाहीतर वाटप हातचं जातं.

म्हणजे निम्मा पैसाही नसलेल्या कंपनीपुढे पर्याय असे होते. बिल सादर केलं की घड्याळ सुरू, आणि वर्षात पूर्ण नेटवर्क बदलण्याची जबाबदारी अंगावर. बिल सादर केलं नाही की मिळणारे ३९.५ सेंटही गेले. बहुतेकांनी घड्याळ सुरू केलं आणि सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढी मागत राहिल्या. प्रत्येक मुदतवाढीसाठी कारण द्यावं लागतं. दर ९० दिवसांनी प्रगतीचा अहवाल आणि वर्षातून दोनदा खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. या अहवालांत चार कारणं पुन्हा पुन्हा येतात: पैशाची तूट, माल वेळेवर न येणं, टॉवरवर चढणाऱ्या कुशल माणसांची टंचाई, आणि हवामान. हवामान हे निमित्त वाटेल, पण मोंटानात हिवाळ्यात डोंगरावरच्या टॉवरकडे जाणारा कच्चा रस्ता बर्फाखाली जातो आणि वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की कामगाराला वर चढवता येत नाही. वर्षाचं घड्याळ प्रत्यक्षात पाच-सहा महिन्यांचंच उरतं.

टॉवरवर काम कसं चालतं आणि काय बिघडतं

क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी नवा कोअर उभा राहतो आणि काही महिने जुन्याच्या शेजारी चालतो. ग्राहकांची नोंद नव्यात हलवली जाते. दुसऱ्या कंपन्यांशी रोमिंगच्या जोडण्या, आपत्कालीन क्रमांक ९११ चे मार्ग, सरकारी आपत्ती-सूचना आणि न्यायालयीन आदेशाने कॉल ऐकण्याची व्यवस्था, प्रत्येक गोष्ट वेगळी तपासून घ्यावी लागते. यातली एखादी राहिली तर ती रोजच्या वापरात लक्षात येत नाही. वादळाच्या रात्री सूचना आली नाही की मग कळते.

त्यानंतर टॉवर, एकेका पट्ट्यात दहा-वीस. प्रत्येक टॉवरसाठी आधी संरचनेची तपासणी लागते, कारण सेवा बंद न करता बदल करायचा तर जुने आणि नवे दोन्ही अँटेना काही काळ एकाच टॉवरवर लटकतात. त्यांचं वजन आणि त्यांच्यावर येणारा वाऱ्याचा दाब जुना टॉवर पेलेल का? नसेल तर आधी मजबुतीकरण. जागा संघराज्य सरकारची असेल तर वेगळी परवानगी. नव्या यंत्रणेला विजेची गरज वेगळी असेल तर रेक्टिफायर आणि बॅटऱ्याही बदलाव्या लागतात. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजात हमखास राहून जातो.

खरी डोकेदुखी जुन्या आणि नव्या पट्ट्यांच्या सीमेवर असते. चालत्या गाडीतला फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो तेव्हा दोन टॉवर आपसात बोलून कॉल सोपवतात. या बोलण्याचे नियम जागतिक मानकांत लिहिलेले आहेत, पण प्रत्येक उत्पादक ते स्वतःच्या पद्धतीने राबवतो. कधी सोपवायचं याचे उंबरठे, शेजारी टॉवरांच्या याद्या, प्रत्येक टॉवरला दिलेला ओळख-क्रमांक, यात तफावत राहिली की कॉल नेमका सीमेवर तुटतो. म्हणून पट्टा बदलल्यावर गाडीत मोजणीची उपकरणं ठेवून रस्त्यारस्त्याने फिरावं लागतं आणि दुरुस्त्या कराव्या लागतात. पैसा आणि वेळ कमी असला की सर्वांत आधी कात्री लागते ती याच कामाला.

अँटेनाही जशीच्या तशी मिळत नाही. नव्या अँटेनाची किरणपट्टी थोडी रुंद किंवा अरुंद, खाली झुकवण्याचा कोन वेगळा. सपाट शहरात याने फरक पडत नाही. दरीत, जिथे वीस मैलांवरच्या एकाच टॉवरचा सिग्नल कसाबसा पोचत असतो, तिथे एक-दोन अंशांच्या फरकाने एखाद्या घराची रेंज जाते आणि दुसऱ्या टेकडीवर नवीन येते.

लोकांना काय भोगावं लागतं

बदल नीट झाला तर ग्राहकाला फार तर रात्री काही तास सेवा बंद दिसते. नवी यंत्रणा आली की वेगही वाढतो. पण सगळे फोन नव्या नेटवर्कवर चालत नाहीत. ३जी बंद झालं की ४जीवर आवाजी कॉलची सोय, म्हणजे ‘व्होल्टे’, नसलेला फोन कॉल लावू शकत नाही. काही फोनमध्ये ती सोय असूनही त्या विशिष्ट कंपनीसाठी चालू केलेली नसते. मोठ्या कंपन्यांनी आपली ३जी नेटवर्क २०२२ मध्ये बंद केली, तेव्हा नवे फोन वाटायला त्यांच्याकडे दुकानं आणि पैसा होता. छोट्या कंपनीला तेच काम रिप अँड रिप्लेसच्या ओझ्याखाली करावं लागलं. फोनशिवाय इतरही वस्तू या सिग्नलवर चालतात: घराची धोका-सूचना यंत्रणा, वृद्धांच्या गळ्यातलं मदतीचं बटण, शेतातल्या पाण्याच्या पंपाचं दूरनियंत्रण. त्या मालकांना कोणी पत्र पाठवत नाही.

सर्वांत गंभीर बाब ९११ ची. एफसीसीच्या नियमानुसार कोणत्याही मोबाईल कंपनीला ९११ चा कॉल पुढे पाठवावाच लागतो, फोन करणारा तिचा ग्राहक असो वा नसो. म्हणजे महामार्गावर अपघात झाला आणि तिथे फक्त एका छोट्या स्थानिक कंपनीचा टॉवर असेल, तर मोठ्या कंपनीच्या ग्राहकाचा मदतीचा कॉलही त्याच टॉवरवरून जातो. ती कंपनी बंद पडली तर तिच्या स्वतःच्या ग्राहकांची सेवा जाते, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची मदतीची वाटही बंद होते. रोमिंगचंही तसंच. पर्यटक, मालमोटारींचे चालक, कापणीच्या हंगामात येणारे मजूर हे सगळे अशा कंपनीच्या टॉवरवर ‘पाहुणे’ असतात.

ही भीती कल्पनेतली नव्हती. २०२४ मध्ये एफसीसीच्या तत्कालीन अध्यक्षा जेसिका रोझेनवॉर्सेल यांनी संसदेला पत्रं लिहून कळवलं की योजनेतल्या जवळपास ४० टक्के कंपन्यांना वाढीव पैशाशिवाय काम पूर्ण करता येणार नाही, आणि काहींवर नेटवर्क बंद करण्याची किंवा योजनेतून बाहेर पडण्याची वेळ येऊ शकते. काही भागांत तीच एकमेव सेवा होती. सुरक्षेसाठी केलेल्या कायद्याने एखाद्या तालुक्याचा आपत्कालीन क्रमांकच धोक्यात यावा, हे कायदा चुकीचा असल्यामुळे घडलेलं नाही. खर्चाचा आकडा माहीत होण्याआधी निधी आणि मुदत ठरवल्यामुळे घडलेलं आहे.

झळ फक्त मोबाईलपुरती नव्हती. विमानात इंटरनेट पुरवणाऱ्या गोगो कंपनीच्या जमिनीवरच्या टॉवरांवर झेडटीईची यंत्रणा होती, तीही या योजनेत आहे. घरगुती ब्रॉडबँड देणाऱ्या काही कंपन्याही आहेत.

जुनी यंत्रणा जाते कुठे

काढलेली पेटी दुसऱ्या देशातल्या कंपनीला विकता येत नाही, देणगी देता येत नाही, सुट्या भागांसाठी ठेवताही येत नाही. ती पुन्हा चालू होणार नाही अशा प्रकारे नष्ट करावी लागते. माहिती साठवणारे भाग, म्हणजे हार्ड डिस्क आणि मेमरी, वेगळे काढून नष्ट करायचे. कोणती पेटी, कोणत्या क्रमांकाची, कधी, कुणी नष्ट केली याची कागदपत्रं ठेवायची आणि ती दहा वर्षं जपायची. सर्वसाधारण भंगारवाल्याकडे देऊन हे काम होत नाही. ही अट कडक आहे आणि ती तशीच हवी, नाहीतर एका खेड्यातून निघालेला रेडिओ दुसऱ्या खेड्यात स्वस्तात विकला गेला असता.

तूट भरली, पण उशिरा

२३ डिसेंबर २०२४ रोजी सही झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात शेवटी तोडगा निघाला. खर्चाची मर्यादा १.९ वरून ४.९८ अब्ज डॉलरवर नेली आणि तुटीचे ३.०८ अब्ज एफसीसीला सरकारी तिजोरीतून उसने घेण्याची मुभा दिली. ते फेडायचे एडब्ल्यूएस-३ नावाच्या रेडिओ लहरींच्या परवान्यांच्या लिलावातून. हे परवाने २०१५ मध्ये संपलेल्या एका लिलावानंतर एफसीसीकडे परत आलेले किंवा न विकलेले होते. त्यामुळे करदात्यावर थेट नवा भार पडत नाही, असा हिशेब. २०२५ मध्ये कंपन्यांना उरलेल्या रकमेचं वाटप झालं.

मात्र मंजूर रक्कम २०२२ च्या अंदाजांवर ठरलेली आहे. मधल्या काळात मजुरी वाढली, पथकं दुसऱ्या कामांकडे गेली, काहींना अर्धवट बदललेलं नेटवर्क दुहेरी खर्चाने चालवावं लागलं. जुना आणि नवा कोअर दोन वर्षं शेजारी चालवणं म्हणजे दोन संचांचे परवाने, दोन संचांची वीज आणि दोन्ही जाणणारी माणसं. २०२० मध्येच अंदाज नीट घेऊन पूर्ण रक्कम दिली असती, तर हे काम स्वस्तातही झालं असतं आणि लवकरही.

या कायद्याने काय सुटत नाही

२०२४ च्या शरद ऋतूत ‘सॉल्ट टायफून’ नावाने ओळखली जाणारी, चीनशी संबंध जोडली गेलेली हेरगिरी मोहीम उघड झाली. अमेरिकेतल्या किमान नऊ दूरसंचार कंपन्यांत घुसखोरी झाल्याचं सरकारने सांगितलं, आणि त्यांत सर्वांत मोठ्या कंपन्याही होत्या. या कंपन्यांच्या नेटवर्कचा गाभा चिनी पेट्यांवर उभा नव्हता. आधीच माहीत असलेल्या त्रुटी वेळेवर न बुजवलेले राउटर आणि अशी इतर उपकरणं हा घुसखोरांचा एक मार्ग होता. धोकादायक पेटी काढणं गरजेचं आहेच, पण तिच्या जागी आलेली पेटी अपडेट न करता ठेवली तर उपयोग नाही. मनुष्यबळ कमी असलेल्या छोट्या कंपनीला नवी यंत्रणा मिळाली, पण ती रोज सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराला ही भरपाई लागू नाही.

दुसरी फट म्हणजे जे नेटवर्क युनिव्हर्सल सर्व्हिस फंड घेत नाही आणि भरपाईही घेत नाही, त्याला यंत्रणा काढण्याची ही सक्ती लागू होत नाही. १४ ऑगस्ट २०१८ नंतर घेतलेली अशी यंत्रणा असेल तर तिची वार्षिक माहिती मात्र द्यावी लागते. नव्या मालाचा दरवाजा बंद करायचं काम वेगळ्या कायद्याने केलं: नोव्हेंबर २०२१ चा ‘सिक्युअर इक्विपमेंट ॲक्ट’ आणि त्यावरून एफसीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेला आदेश. यादीतल्या कंपन्यांच्या नव्या उपकरणांना आता विक्रीची तांत्रिक मंजुरीच मिळत नाही.

तुमच्या भागात बदल चालू असेल तर

अमेरिकेच्या ग्रामीण भागात राहणाऱ्याने काही गोष्टी आधीच करून ठेवाव्यात. फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टे चालू आहे का ते पाहावं आणि हे मॉडेल आपल्या नेटवर्कवर व्होल्टेने कॉल लावतं का, हे कंपनीला विचारून घ्यावं. फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावं, कारण ही सोय बऱ्याचदा अपडेटमधूनच चालू होते. घरी इंटरनेट असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करावं आणि तिथे आपत्कालीन पत्ता नक्की भरावा. तो जुना राहिला तर रुग्णवाहिका जुन्या घरी जाऊ शकते. ९११ ला संदेश पाठवण्याची सोय सगळ्या तालुक्यांत नाही. जिथे ती नाही तिथे ‘संदेश पोचला नाही, कॉल करा’ असं उत्तर येतं, त्यामुळे संदेश पाठवून निर्धास्त राहू नये. घरातलं मदतीचं बटण किंवा धोका-सूचना यंत्रणा कोणत्या पिढीच्या सिग्नलवर चालते, हे ती विकणाऱ्याला विचारावं.

बदल झाल्यावर रेंज कमी झाली तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच कळवावं. ‘सिग्नल येत नाही’ एवढंच न सांगता ठिकाण, वेळ, फोनचं मॉडेल, कॉल तुटतो की लागतच नाही, गाडीत की घरात, हे सांगावं. सीमेवरचा बिघाड असेल तर दोन-चार जणांच्या अशा नोंदींवरून अभियंत्याला नेमके दोन टॉवर सापडतात आणि दुरुस्ती ऑफिसात बसून होते. अँटेनाचा कोन बदलायचा असेल तर पथक अजून त्या भागात असेपर्यंतच ते सोपं असतं. कंपनीने दाद दिली नाही तर एफसीसीच्या ग्राहक तक्रार केंद्राकडे विनाशुल्क तक्रार करता येते आणि कंपनीला तिचं लेखी उत्तर द्यावं लागतं.